डेटाबेस पुनर्स्थापनेतील परस्परविरोधी पर्याय : ‘पीजी रिस्टोर’च्या संदर्भात

प्रस्तावना :
प्रबंध, दुर्मीळ ग्रंथ व प्रश्नपत्रिका यांच्या डिजिटल संग्रहासाठी वापरली जाणारी ‘डीस्पेस’ ही मुक्त प्रणाली २००२ मध्ये उपलब्ध झाली. इन्फ्लिबनेटचा ‘शोधगंगा’ प्रकल्पही तिच्याच आधारे उभारला गेला. डीस्पेसच्या नोंदी सामान्यतः ‘पोस्टग्रेएसक्यूएल’ या डेटाबेसमध्ये साठविल्या जातात, आणि बॅकअपमधून त्या परत आणण्याचे काम ‘पीजी रिस्टोर’ ही आज्ञा करते. बॅकअप घ्यावा, असे सर्वच सांगतात. तो परत कसा आणावा, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

विवेचन :
या आज्ञेसोबतचे काही पर्याय एकत्र दिल्यास ती काम सुरू करण्यापूर्वीच नकार देते. हा प्रणालीचा दोष नव्हे. ‘क्लीन’ हा पर्याय जुनी टेबले काढून टाकतो. ‘डेटा ओन्ली’ टेबले निर्माण न करता केवळ नोंदी भरतो. दोन्ही एकत्र चालले असते, तर नोंदी भरण्यास टेबलच उरले नसते. ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ सर्व काम एकाच व्यवहारात बांधतो : सर्व यशस्वी, अथवा काहीच नाही. ‘जॉब्ज’ तेच काम अनेक जोडण्यांत वाटतो, आणि एक व्यवहार अनेक जोडण्यांवर पसरू शकत नाही. लहान महाविद्यालयाच्या संग्रहाला वेगाची निकड नसते. तेथे पहिलाच पर्याय श्रेयस्कर होय. एरवी ही आज्ञा त्रुटी आली तरी पुढे चालत राहते आणि अर्धवट भरलेला डेटाबेस वरवर पूर्ण वाटतो.

खरा धोका विरोध नसलेल्या जोडीत आहे. ‘क्लीन’ व ‘क्रिएट’ एकत्र चालतात. त्या वेळी संपूर्ण डेटाबेस पुसून नव्याने उभारला जातो. परंतु त्याचे नाव बॅकअपमधून घेतले जाते. ‘डीबीनेम’मध्ये लिहिलेले नाव केवळ पहिल्या जोडणीपुरते असते. त्यामुळे त्याच सर्व्हरवरील ‘चाचणी’ डेटाबेसवर सराव करीत आहोत, या समजुतीतला कर्मचारी मूळ संग्रहच पुसून टाकतो, आणि बॅकअपनंतरच्या नोंदी कायमच्या जातात. संग्रहाशी कोणाची जोडणी चालू असल्यास पुसण्यास नकार मिळतो, हे खरे. पण असा सराव बहुधा सुट्टीच्या दिवशी, प्रणाली बंद ठेवूनच केला जातो.

‘डीबीनेम’ व ‘फाइल’ हीसुद्धा परस्परविरोधी जोडी आहे. २०१९ मधील बाराव्या आवृत्तीपासून पुनर्स्थापनेसाठी या दोहोंपैकी एक देणे बंधनकारक आहे. ‘फाइल’ निवडल्यास डेटाबेसला हात न लावता सर्व विधाने फाइलीत उतरतात, आणि ‘ड्रॉप डेटाबेस’ या शब्दांपुढे कोणते नाव आले आहे, ते आधीच वाचता येते.