पेन्शनीतली मोटार : आधी किलोमीटर मोजा, मग इंधन निवडा

बैलबाजारात जोडी घेताना आपण किती चौकस असतो! दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच रुमालाखाली हात घालून भाव ठरवतो. पण हाच माणूस जुनी मोटार घ्यायला निघाला, की चकचकीत रंगाला भुलतो. त्यातून खरेदी निवृत्तीच्या पैशातली असेल, तर चूक फार महाग पडते. ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम आयुष्यात एकदाच हाती येते. म्हणून नोकरीतून मोकळे होऊन शेतीकडे वळलेल्या वऱ्हाडातील वाचकांशी आज याविषयी चार गोष्टी बोलू.

आधी वही, मग गाडी

"डिझेलच घ्या, परवडते," हा सल्ला गावात जो तो देतो. तो मानण्याआधी एक वही घ्या आणि महिन्याभरात आपण कोठे कोठे जाणार ते लिहून काढा. समजा, घर अमरावतीला आहे, शेत वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे आणि लेक अकोल्याला दिली आहे. अकोला सुमारे शंभर किलोमीटर. महिन्यातून एकदा तिच्याकडे जाऊन येणे म्हणजे दोनशे. शेत आणि बाजारहाट मिळून तीनशे. वर्षाचे झाले ६,००० किलोमीटर.

आता हिशेब मांडा. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर चालली, तर वर्षाला ४०० लिटर लागेल. डिझेलची २० किलोमीटर चालली, तर ३०० लिटर. हिशेबापुरते पेट्रोल १०० आणि डिझेल ९० रुपये धरू. खर्च ४०,००० आणि २७,००० रुपये. बचत १३,००० रुपयांची. पण तशीच डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग मिळत असेल, तर तो लाख फिटायला साडेसात वर्षांहून अधिक काळ लागेल. मध्येच इंजेक्टर, इंधनपंप किंवा टर्बो गेला, तर झालेली बचत एका बिलात संपते. आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा. ज्याचे फिरणे याच्या तिप्पट आहे, त्याने डिझेलचा विचार जरूर करावा.

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जळून जाण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग, तापून चालावी लागते. जून २०२२ मध्ये ज्या महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनेस विक्रम झाला, त्या आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर हे सहज साधते. पण रोजचे फिरणे घरापासून राजकमल चौकापर्यंतच असेल, तर जाळी तुंबते आणि खर्च निघतो.

पेट्रोलवाल्यांनीही एक ध्यानात घ्यावे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्यांचे मायलेज थोडे घटते. इंधनाच्या रबरी नळ्या आणि वॉशर मेकॅनिककडून तपासून घ्यावेत.

पोते मावले पाहिजे, गुडघेही वाकले पाहिजेत

तुरीचे पोते, संत्र्यांच्या पेट्या आणि नातवंडे एकाच गाडीत बसवायची, तर मागे जागा हवी. छप्पर पार मागेपर्यंत नेलेल्या अशा मोटारीला एस्टेट म्हणतात. आपल्याकडे टाटांनी १९९२ मध्ये टाटा एस्टेट आणि २००४ मध्ये इंडिगो मरिना आणली. दोन्ही केव्हाच बंद झाल्या. आज स्वस्तात मिळाल्या, तरी सुट्या भागांसाठी वणवण होईल. त्यापेक्षा मागची बैठक दुमडता येणारी वॅगन-आर किंवा मोठ्या कुटुंबाला एर्टिगा पाहावी. एर्टिगा डिझेलवरही मिळत असे. पण मारुतीने २०२० मध्ये डिझेल मोटारी बंद केल्या, हे विसरू नका.

बोलेरो दणकट खरी, पण तिची बैठक उंच. गुडघे कुरकुरत असतील, तर ती पायरी रोज आठवण करून देईल. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत भल्याभल्या गाड्या फसतात. चार महिन्यांच्या चिखलासाठी बारा महिने जड गाडी पोसू नका. डांबरी रस्त्याच्या कडेला लावा आणि शेतात पायी जा. सौदा करण्याआधी गाडीत दहा वेळा बसा-उठा, सौभाग्यवतींनाही बसवून पाहा.

सकाळी जा, थंड इंजिन पाहा

गाडी पाहायला सकाळी जा आणि आधी सुरू करू नका म्हणून मालकाला सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले, तर काहीतरी लपवले आहे असे समजा. सुरू केल्यावर निळसर धूर आला, तर ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर ती गाडी सोडून द्या.

मीटरवर तीस हजार आणि पायाखालच्या पेडलचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल सांगतात. गालिचा उचलून खाली वाळलेला गाळ आहे का पाहा. पुरात बुडालेल्या गाड्या रंगवून विकल्या जातात. एसी भर दुपारी चालवून बघा, कारण अकोल्याचा मे महिना कोणाची गय करत नाही. स्वतःच्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याची मजुरी द्या. तो पैसा वाया जात नाही.

कागद म्हणजे अर्धी गाडी

चासी आणि इंजिनचे नंबर नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरला आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, ते विचारा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. म्हणजे चौदा वर्षांची गाडी स्वस्त का, ते कळले. दिल्लीकडची डिझेल गाडी कमी भावात मिळते, कारण तेथे दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. ती आणायची, तर तिकडचे ना-हरकत पत्र, येथील कर आणि फेरनोंदणी यांचा खर्च किमतीत धरा.

नमुना २९ आणि ३० भरून नाव लगेच बदलून घ्या आणि विम्याचेही नाव बदला. आपली जुनी गाडी देऊन टाकत असाल, तर हे दुप्पट महत्त्वाचे. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे.

शेवटी आपलेही कागद तपासा. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो. नूतनीकरणाला वैद्यकीय दाखला लागतो, तेव्हा मोतीबिंदू तपासून घ्या आणि लेकीकडून परतताना दिवस मावळायच्या आत घरी पोचा. गाडी आपल्याला वाहून न्यायला घ्यायची असते. तिचा भार आपण वाहायला नव्हे.