समुद्राखालच्या वाटेनं फुटबॉलच्या गावाला

फेरो बेटांची राजधानी टोर्सहाव्न. तिथून क्लाक्स्विकला मोटारीनं जायचं तर वाट दोनदा समुद्राखाली शिरते. पहिला बोगदा सव्वाअकरा किलोमीटरचा, डिसेंबर २०२० मध्ये खुला झालेला. त्याच्या पोटात चक्क चौकातल्यासारखं वाहतुकीचं वर्तुळ आहे. दुसरा सहा किलोमीटरचा, २००६ सालचा. त्यातून बाहेर पडलं की बोर्डॉय बेट लागतं: दोन्ही अंगांना ताठ डोंगर, मधे खाडी, धक्क्याला लागलेल्या मासेमारी बोटी आणि जेमतेम पाच हजार माणसांचं गाव. अठरा बेटांच्या या देशात सगळी मिळून माणसं चौपन्न हजारांच्या आसपास, त्यामुळे एवढ्या वस्तीवरही क्लाक्स्विक दुसऱ्या क्रमांकाचं शहर ठरतं.

पाहुण्यांना इथे दोन गोष्टी आवर्जून दाखवतात. एक, १९६३ साली बांधून झालेलं क्रिस्तियान्स चर्च. त्याच्या लाकडी छताला खरीखुरी वल्ह्यांची होडी टांगलेली आहे. दुसरी, १८८८ पासून चालू असलेली बिअरची भट्टी, जिच्या बाटलीवर मेंढ्याचं चित्र असतं. तिसरी गोष्ट मात्र कुणी मुद्दाम दाखवत नाही, कारण ती गावभर दिसतेच: निळा-पांढरा रंग. तो केआय क्लाक्स्विकचा, म्हणजे गावच्या फुटबॉल क्लबचा.

क्लबची स्थापना २४ ऑगस्ट १९०४ ची. राजधानीतला कट्टर प्रतिस्पर्धी एचबी हा क्लबही त्याच वर्षीचा, म्हणजे भांडणाला आता सव्वाशे वर्षं होत आली. देशाची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९४२ मध्ये झाली आणि ती केआयनं जिंकली. तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि बेटं ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होती. १९४४ ची स्पर्धा तर खेळायला पुरेसे चेंडूच नसल्यामुळे रद्द झाली. पुढच्या वर्षी चेंडू आले आणि विजेतेपद पुन्हा क्लाक्स्विकलाच. १९६६ ते १९७० अशी सलग पाच वर्षं करंडक इथून हललाच नाही. मग ओहोटी लागली. १९७२ नंतर थेट १९९१, मग १९९९, आणि त्यानंतर तब्बल वीस वर्षं अजिंक्यपद नाही.

मैदानाचं नाव वि द्युपुमिरार. गवत कृत्रिम आहे. भोवतीचे डोंगर इतके हिरवे की मेंढ्यांची चंगळ, पण इथल्या पावसावाऱ्यात खेळायचं मैदान टिकत नाही. पूर्वी खडीवर खेळत आणि गुडघे सोलवटून घेत. कृत्रिम गवत आलं तसं पोरांना बारा महिने सराव मिळू लागला. फेरो फुटबॉल आज जिथे आहे त्याचं निम्मं श्रेय मी या हिरव्या प्लॅस्टिकला देईन. उरलेलं चिकाटीनं एकेक संघ बांधणाऱ्या प्रशिक्षकांना. मिक्याल थॉमसेन हे त्यांपैकीच. त्यांच्या हाताखाली केआयनं २०१९ मध्ये वीस वर्षांचा दुष्काळ संपवला. पुढच्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत जॉर्जियाच्या दिनामो त्बिलिसीला ६-१ असं लोळवलं. २०२१ आणि २०२२ चं विजेतेपदही केआयचंच. तेव्हा २०२३ च्या उन्हाळ्यातलं यश आभाळातून पडलं, असं म्हणणाऱ्यांनी ही आधीची पानं चाळलेली नाहीत.

मात्र तो उन्हाळा होताच तसा. नवे प्रशिक्षक नॉर्वेचे मॅग्ने होसेथ. संघातले बरेच जण नोकरीधंदा सांभाळून खेळणारे: कुणी सुतार, कुणी इलेक्ट्रिशियन. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत गाठ पडली हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोशशी. घरी ०-० अशी बरोबरी झाली, तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली आणि बुडापेस्टमध्ये काय होणार हे गृहीत धरलं. बुडापेस्टमध्ये केआय ३-० नं जिंकला. दोन गोल आर्नी फ्रेडेरिक्सबर्गचे, एक आयव्हरी कोस्टहून आलेल्या लूक कासीचा. यजमानांचे प्रशिक्षक स्टानिस्लाव चेर्चेसोव्ह यांची नोकरी त्याच पराभवानं गेली.

पुढे स्वीडनचा विजेता हेकेन. घरी ०-०, गोटेनबर्गमध्ये ३-३, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये केआय सरस. नॉर्वेच्या मोल्डेला घरच्या सामन्यात २-१ नं हरवलंही, पण परतीच्या सामन्यात जादा वेळेत गाडी अडली. चॅम्पियन्स लीगचं दार लागलं, तरी कॉन्फरन्स लीगची गटसाखळी हाती आली. युरोपातल्या गटसाखळीत पोचलेला फेरो बेटांचा हा पहिलाच क्लब. तिथे फ्रान्सच्या लीलला त्यांनी ०-० रोखलं आणि स्लोव्हेनियाच्या ओलिंपियाला ३-० हरवलं. चार गुण मिळाले आणि गटात तळाचं स्थान आलं. एक बोच मात्र राहिली: हे सामने वि द्युपुमिरारवर झाले नाहीत. युरोपीय नियमांपुढे गावचं मैदान तोकडं पडलं आणि क्लाक्स्विककरांना आपलाच घरचा सामना बघायला बोगदे पार करून टोर्सहाव्नला जावं लागलं. त्याच बोगद्यांमुळे ते रात्री घरी परतू शकले, हेही खरं. २००६ च्या आधी टोर्सहाव्नकडे मोटार न्यायची तर फेरीबोटीचं वेळापत्रक बघावं लागे.

या सगळ्या गाजावाजात केआयच्या महिला संघाकडे दुर्लक्ष होतं, आणि ते अन्यायाचं आहे. या संघानं २००० ते २०१६ अशी सलग सतरा वर्षं देशाचं विजेतेपद राखलं. पुरुषांच्या वीस वर्षांच्या दुष्काळातली बहुतेक वर्षं हीच! त्या काळात गावात अजिंक्यपदाचा करंडक येत होता तो मुलींमुळे. रान्वा आंद्रेआसेन ही त्यांची गोल करणारी हुकमी खेळाडू. युरोपातल्या महिला स्पर्धांमध्ये हा संघ वर्षानुवर्षं देशाचं नाव नेत राहिला, पण त्यावर बाहेरच्या वृत्तपत्रांनी फारशी शाई खर्च केली नाही.

सामना बघायचा असेल तर मार्च ते ऑक्टोबर हा हंगाम. जून-जुलैमध्ये रात्री दहा वाजताही उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळचा सामना संपवून क्लाक्कुर डोंगराच्या वाटेला लागता येतं. छत्री नेऊ नका, इथल्या वाऱ्यापुढे ती टिकत नाही. चांगला रेनकोट घ्या.