गंभीर चेहऱ्याचा विनोद

ब्रह्मचर्य हा १९३८ साली थट्टेचा विषय नव्हता. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनायक नरहरी भावे यांनी लहान वयातच ते व्रत मनाशी धरले, १९१६ साली घर सोडले आणि गांधीजींच्या आश्रमात ते विनोबा झाले. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळांत, व्याख्यानांत आणि घराघरांतल्या तरुणांच्या मनात हा आदर्श तेव्हा जिवंत होता. नेमक्या त्याच काळात कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने ‘ब्रह्मचारी’ नावाचा विनोदी बोलपट काढला. लेखक होते आचार्य अत्रे. दिग्दर्शक आणि नायक अशा दोन्ही बाजू मास्टर विनायकांनी सांभाळल्या होत्या.

कथा साधी आहे. औदुंबर नावाचा सर्वसामान्य तरुण ब्रह्मचर्यावरचे एक व्याख्यान ऐकतो आणि भारावून जातो. खोलीतल्या नट्यांच्या तसबिरी काढून टाकतो आणि आश्रमाची वाट धरतो. तिथे किशोरी येते आणि व्रताची कसोटी लागते. ही गोष्ट ज्याला सुचेल त्याला पहिला मोह होईल तो नायकाच्या जागी हमखास हसवणारा नट घेण्याचा. असा नट हंसकडे होताही. दामुअण्णा मालवणकर त्याच कंपनीत होते आणि त्यांच्या तिरळ्या नजरेनेच थिएटरात हशा पिकत असे. पण औदुंबर रंगवला स्वतः विनायकांनी. ते मूळचे शिक्षक. नाजूक, गोऱ्या चेहऱ्याचे. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये १९३२ साली त्यांनी नारद केला होता. म्हणजे देवलोकातला ब्रह्मचारी त्यांनी आधीच साकारला होता. अशा माणसाने ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली तर ती खोटी वाटत नाही, आणि विनोद तिथूनच सुरू होतो. औदुंबराला आपण हास्यास्पद आहोत याचा पत्ताच नसतो. तो मनापासून प्रयत्न करतो, आणि त्याची हार पाहताना प्रेक्षक हसतो तो स्वतःच्याच मोहाला.

समोर किशोरी म्हणून मीनाक्षी शिरोडकर. पोहण्याच्या पोशाखातल्या त्यांच्या गाण्याने तेव्हा केवढी खळबळ उडाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चा मात्र पोशाखावरच थांबते, हे मला फार खटकते. त्या प्रसंगातली खरी करामत दोघांच्या अभिनयात आहे. किशोरी मोकळी आहे, निःसंकोच आहे, पाण्यात जशी रमायला हवी तशी रमली आहे. अवघडलेला आहे तो व्रत सांभाळू पाहणारा औदुंबर. दिग्दर्शकाने हशाचा रोख स्त्रीच्या देहाकडे न वळवता पुरुषाच्या धांदलीकडे वळवला. मीनाक्षीबाई लाजल्या असत्या किंवा विनायकांनी डोळे मिचकावले असते, तर हा प्रसंग सवंग झाला असता.

हॉलिवूडमध्येही हेच सूत्र चार वर्षे आधी यशस्वी झाले होते. फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’साठी कोलंबियाने क्लार्क गेबलला एमजीएमकडून उसना आणला. क्लॉडेट कोल्बेर तर नाखुशीनेच आली, दुप्पट मानधनाच्या आणि चार आठवड्यांत काम संपवण्याच्या अटीवर. गेबल रांगडा, रुबाबदार नट. काप्राने त्याला बढाईखोर पत्रकार केले. रस्त्याच्या कडेला उभा राहून अंगठा दाखवून मोटार कशी थांबवावी यावर तो नायिकेला प्रवचन देतो. एकामागून एक मोटारी निघून जातात. मग ती झगा किंचित वर करते आणि पहिलीच मोटार थांबते. गेबल त्या प्रवचनात क्षणभरही विनोदी होत नाही, म्हणून त्याचा पाडाव इतका गोड लागतो. या चित्रपटाला चित्र, दिग्दर्शन, नायक, नायिका आणि पटकथा अशी पाचही प्रमुख ऑस्कर मिळाली.

मराठीत ही विद्या पुढे कशी गेली याचा माग काढला की एक सलग धागा हाती लागतो. राजा गोसावी तरुणपणी विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये पडेल ते काम करत होते. नंतर दामुअण्णांच्या नाटक मंडळीत त्यांना रंगमंच मिळाला. १९५२ साली राजा परांजपे यांनी ‘लाखाची गोष्ट’मध्ये त्यांना नायक केले, तेव्हा ते पुण्यात भानुविलास थिएटरात तिकीटविक्रीचे काम करत होते. आपल्याच चित्रपटाची तिकिटे त्यांनी तिथल्या खिडकीतून विकली. गोष्ट होती लाख रुपये ठरल्या मुदतीत उडवून दाखवण्याच्या अटीची. लाख रुपये ज्याने कधी एकत्र पाहिले नसतील असाच चेहरा त्या भूमिकेला हवा होता. परांजप्यांनी तो अचूक हेरला. पुढे याच परांजप्यांनी ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये सचिन नावाच्या बालकलाकाराला पडद्यावर आणले.

आणि त्याच सचिन पिळगावकरांनी १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ केला. वसंत सबनीसांचे लेखन, मूळ कथाबीज हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’मधले. भाड्याच्या जागेसाठी दोन मित्रांना बायकांचे सोंग घ्यावे लागते. इथली पात्रनिवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. सचिनची सुधा सोज्वळ आणि चालण्याबोलण्यात नेटकी. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती पदराशी झगडणारी, दर क्षणी आतला परशुराम बाहेर डोकावणारी. दोघेही पार्वतीसारखे असते तर धुडगूस झाला असता, दोघेही सुधेसारखे असते तर चित्रपट मिळमिळीत झाला असता. अशोक सराफांचा धनंजय माने या दोघांना सावरतो आणि एकामागून एक थापा अशा सरळ चेहऱ्याने मारतो की घरमालकीण झालेल्या नयनताराबाईंचा विश्वास बसणे आपल्यालाही स्वाभाविक वाटते.

बिली वाइल्डरच्या १९५९च्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये हीच विभागणी दिसते. टोनी कर्टिसची बाई संयमी, आब राखून असलेली, जॅक लेमनची बाई बेभान. साखरपुड्याची बातमी सांगण्याच्या प्रसंगात वाइल्डरने लेमनच्या हातात खुळखुळे दिले. प्रत्येक वाक्यानंतर तो ते वाजवतो, नाचतो, आणि तेवढ्यात प्रेक्षकांचे हसणे ओसरते. त्यामुळे पुढचे वाक्य हशात बुडत नाही. आपल्या रंगभूमीवरचे नट हशासाठी थांबतात, त्यांना समोरचे प्रेक्षागृह ऐकू येते. कॅमेऱ्यासमोर तो हशा आधीच कल्पून त्याला जागा ठेवावी लागते.

पेणच्या कारखान्यांत एकाच साच्यातून शेकडो गणपती निघतात, पण मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने, आणि आखणीचा हात सर्वांना साधत नाही. विनोदी भूमिकेचेही असेच आहे. संहिता साचा देते, नट आखणी करतो. आणि ती आखणी कुणाच्या हाती सोपवायची, हा निर्णय दिग्दर्शकाचा. त्या निर्णयाला आपल्याकडे कौतुकाचा एक शब्दही मिळत नाही. विनोदी चित्रपटाची आठवण निघाली की आपण संवाद म्हणून दाखवतो. ते संवाद दुसऱ्या कुणाच्या तोंडी असते तर पाठ झाले असते का, हे विचारत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. पेण, रोहा आणि साऱ्या कोकणात गणेशोत्सवात, जत्रेत हौशी नाटके होतात. भूमिका वाटताना गावातला सर्वांत गमत्या माणूस विनोदी भूमिकेसाठी आधी उभा केला जातो. तो पहिल्या प्रवेशात हसवतो आणि तिसऱ्या प्रवेशात थकवतो, कारण आपण हसवतो आहोत हे त्याला सतत माहीत असते. त्या जागी एखादा शिस्तीचा मास्तर, हिशेबाला चोख दुकानदार किंवा कमी बोलणारा तरुण उभा करून पाहावा. त्याला विनोद करू नकोस, फक्त खरे वाग, एवढेच सांगावे. विनायकांनी, परांजप्यांनी आणि सचिननी पन्नास वर्षांत जे सिद्ध केले, ते तालमीच्या पहिल्याच आठवड्यात दिसू लागेल.