बोटीची सफर : एक दिवस हातचा ठेवा

लोणावळ्याच्या बांधवांनो, मुंबईहून गोव्याला क्रूझने जायचे असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. बोट बॅलार्ड पियरवरून सुटते आणि आत घेणे सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. घाटात दरड कोसळली, गाडी अडकली, तरी बोट थांबत नाही. भाडेही बहुधा बुडते. सुरतेला माल घ्यायला निघताना आपण हातचा दिवस ठेवतोच ना?

तिकिटाआधी भाव पुरता विचारा : बंदराचा आकार, जीएसटी धरून किती? हलाल जेवणाची खात्रीही तेव्हाच करा. खोली खालच्या मजल्यावर, मध्यभागी घ्यावी; हेलकावे कमी लागतात. औषधे, ओळखपत्र हातपिशवीत ठेवा. हजच्या बोटी १९९५ साली बंद झाल्या. त्यातून गेलेले बुजुर्ग घरात असतील तर पोट सांभाळण्याचे उपाय त्यांनाच विचारा.