अमराबादचा वाघ आणि त्याचे राखणदार

हैदराबादहून श्रीशैलमला मल्लिकार्जुनाच्या दर्शनासाठी निघालेल्या मराठी यात्रेकरूंच्या गाड्या मन्ननूरच्या नाक्यावरून पुढे सरकतात, तेव्हा त्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात शिरलेल्या असतात आणि कृष्णेचे खोरे येईपर्यंत त्यांचा प्रवास याच अरण्यातून होतो. रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत या रस्त्यावरची वाहतूक बंद ठेवली जाते, कारण वाघाच्या हालचालीची मुख्य वेळ तीच असते. भाविकांना हा खोळंबा वाटत असला, तरी या जंगलाच्या रक्षणासाठी केलेल्या उपायांत इतका साधा आणि इतका गुणकारी उपाय क्वचितच सापडेल.

अमराबाद हा नल्लमला डोंगररांगेचा उत्तर भाग होय. फराहाबादचे पठार एके काळी निजामाच्या शिकारीचे रान होते. १९८३ मध्ये कृष्णेच्या दोन्ही काठांवरचे अरण्य नागार्जुनसागर-श्रीशैलम या नावाने व्याघ्र प्रकल्पात आले. पुढे २०१४ मध्ये राज्य विभागले गेले, तेव्हा नदीच्या दक्षिणेकडचे रान आंध्र प्रदेशात राहिले आणि तेलंगणाच्या वाट्याला आलेल्या सुमारे २,६११ चौरस किलोमीटर क्षेत्राचा अमराबाद हा स्वतंत्र प्रकल्प झाला. प्रशासन दोन झाले, जंगल मात्र एकच राहिले; वाघ उत्तम पोहणारा असल्याने कृष्णेचे पात्र त्याला सरहद्द वाटत नाही.

एवढ्या विस्ताराच्या मानाने येथे वाघ थोडे आहेत. दर चार वर्षांनी होणाऱ्या राष्ट्रीय गणनेत संपूर्ण तेलंगणातील वाघांची संख्या २०१८ मध्ये २६ आणि २०२२ मध्ये २१ धरली गेली, तर याच काळात महाराष्ट्राची संख्या ३१२ वरून ४४४ वर गेली. हा फरक प्रामुख्याने भक्ष्याचा आहे. एका वाघाला वर्षाकाठी चितळाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात आणि कळप घटू न देता त्यातला साधारण दहावा हिस्साच उचलता येतो. म्हणजे एका वाघामागे पाचशेच्या आसपास चितळ, सांबर, रानडुकरे असावी लागतात. नल्लमलाचे रान शुष्क पानझडीचे, म्हणजे उन्हाळ्यात पाने झाडून टाकणाऱ्या धावडा, ऐन, तेंदू, मोह अशा वृक्षांचे आहे. तेथे चैत्र-वैशाखात ओढे आटतात, गवत करपते आणि उरल्यासुरल्या चाऱ्यावर गावांतली गुरेही येतात. पाण्याच्या या टंचाईवर उपाय म्हणून वनखाते जमिनीलगत बशीसारखे उथळ सिमेंटचे पाणवठे बांधते. त्यांचे काठ मुद्दाम उतरते ठेवतात, म्हणजे तहानेने आलेले पाडस आत पडले तरी बाहेर येऊ शकते. नक्षलवादी चळवळीच्या काळात वनकर्मचाऱ्यांना नल्लमलाच्या आतल्या भागात फिरणेही अवघड झाले होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

वाघ मोजण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात वाघाच्या नेहमीच्या वाटेच्या दोन्ही कडांना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. समोरून उष्ण देह सरकला की ते आपोआप चित्र टिपतात. दोन कॅमेरे लागतात, कारण वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात आणि दोन्ही बाजू हाती आल्याशिवाय त्या जनावराची ओळख पुरी होत नाही.

परंतु वाघाची वाट कोणती, हे यंत्राला आधी कोणीतरी दाखवावे लागते आणि येथे ते काम बहुतांशी चेंचू करतात. मध, डिंक आणि कंदमुळे यांवर जगत आलेली ही आदिवासी जमात अहोबिळमच्या नरसिंहाला आपला जावई मानते, कारण कथेप्रमाणे त्याने चेंचू कन्येशी विवाह केला. १९४० मध्ये या रानात त्यांच्यासोबत राहून मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी लिहिलेला ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. आज चेंचू तरुण रक्षक-चौक्यांवर राहून गस्त घालतात; धुळीतला ठसा कालचा की आजचा, सांबराने दिलेला इशारा बिबट्यासाठी की वाघासाठी, हे त्यांना जन्मापासूनच्या सहवासाने कळते. २०१९ मध्ये युरेनियमच्या शोधासाठी या जंगलात खोदकाम करण्याचा घाट घातला गेला, तेव्हाही चेंचू विरोधात उभे राहिले आणि त्याच वर्षी तेलंगणा विधानसभेने युरेनियम खाणींविरुद्ध ठराव केला.

तरीही गाभा क्षेत्र, म्हणजे केवळ वाघासाठी राखलेला भाग, निर्मनुष्य असावा या धोरणानुसार काही वस्त्या बाहेर हलवण्याचे प्रयत्न चालूच आहेत. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाला पंधरा लाख रुपये किंवा त्या मोलाचे पुनर्वसन देऊ केले जाते आणि कायद्याने ग्रामसभेची स्वेच्छेने दिलेली संमती आवश्यक ठरवली आहे. बाजार, दवाखाना आणि शाळा जवळ असावी म्हणून जे कुटुंब स्वतःहून बाहेर पडू इच्छिते, त्याला ती वाट मोकळी असलीच पाहिजे. मात्र जे राहू इच्छितात त्यांना हलवणे हे वाघाच्याही हिताचे नाही. गुरांचे मोठे कळप, वणवे आणि रात्रीची वाहने यांचा उपद्रव चेंचूंच्या झोपड्यांपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि या उपद्रवाविरुद्ध रानात पायी फिरणारा पहारेकरी याच झोपड्यांतून येतो.