विश्लेषण : पथकाने सिनेमातले गाणे वाजवायचे, तर परवानगी कोणाची?

गणेशोत्सव जवळ आला की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत संध्याकाळी ढोल-ताशा पथके, बेंजो पार्ट्या आणि शाळांचे बँड यांचा सराव सुरू होतो. बहुतेकांच्या कार्यक्रमात सिनेमातले एखादे तरी गाणे असतेच. दोन महिने घाम गाळून बसवलेले गाणे मिरवणुकीत दणक्यात वाजते, पण त्याचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला की आवाज बंद होतो किंवा ‘कॉपीराइट क्लेम’ येतो. रस्त्यावर कोणी अडवले नाही, मग मोबाइलवर का अडवले? कारण गाणे वाजवणे, ते पथकासाठी बदलून लिहिणे आणि त्याचा व्हिडिओ करणे या कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची परवानगी दुसरीला चालत नाही.

एका गाण्यात किती हक्क असतात?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सिनेमातल्या एका गाण्यात किमान तीन स्वतंत्र गोष्टी असतात. गीतकाराचे शब्द, संगीतकाराची चाल आणि स्टुडिओत तयार झालेले ध्वनिमुद्रण. पथक स्वतः वाद्यांवर गाणे वाजवते तेव्हा मूळ ध्वनिमुद्रण वापरले जात नाही. कोणी गात नसेल तर शब्दही येत नाहीत. उरते ती चाल. म्हणून पथकाचा मुख्य प्रश्न चालीच्या हक्काचा असतो. मात्र वादनाच्या मध्ये डीजेने मूळ गाण्याचा तुकडा लावला, तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा हक्कही लागू होतो.

पथकासाठी गाणे ‘बसवणे’ म्हणजे कायद्याच्या भाषेत काय?

‘सैराट’च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले होते. ते संगीत ट्रम्पेट, बेंजो, ढोल आणि ताशावर आणायचे तर कोणता सूर कोणत्या वाद्याने घ्यायचा, पट्टी कोणती, मधल्या संगीताचे काय करायचे, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. यालाच संगीत संयोजन म्हणतात. कायद्याच्या कलम २ मध्ये संगीतकृतीचे संयोजन किंवा लिप्यंतर म्हणजे ‘रूपांतर’ अशी व्याख्या आहे आणि कलम १४ नुसार रूपांतराचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडे असतो. म्हणजे नोटेशन स्वतः लिहिले, वाद्ये बदलली, मेहनत पूर्णपणे आपली असली तरी चालीचा मालक बदलत नाही.

नुसत्या तालाचे तसे नाही. केरवा, दादरा किंवा पथकांमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेले ढोलाचे ‘हात’ ही कोणा एकाची मालमत्ता नाही. त्यावर सिनेमातली ओळखू येणारी चाल चढली की प्रश्न सुरू होतो.

मिरवणुकीत वाजवायला परवाना लागतो का?

कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. प्रामाणिक धार्मिक विधी तसेच केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिकृत समारंभ, यांत संगीतकृती सादर करणे हा हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित सोहळे यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून लग्नसोहळ्यांबाबत याच तरतुदीची आठवण करून दिली होती.

गणपतीच्या मिरवणुकीचा या कलमात नावाने उल्लेख नाही. धार्मिक विधीचा भाग म्हणून ती सवलतीत बसते, असे म्हणायला आधार आहे. मात्र त्याच मंडळाने प्रायोजक घेऊन मैदानात भरवलेली वादन स्पर्धा आपोआप धार्मिक विधी ठरत नाही. सवलतीची रेषा सरकारलाही हवी तशी ओढता येत नाही. लग्नसोहळ्यांतील संगीताबाबत गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले.

शाळेचा बँड आणि हौशी पथक यांचे काय?

शाळा-महाविद्यालयाच्या उपक्रमात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी संगीतकृती सादर केली, तर त्यालाही कलम ५२ची सवलत आहे. प्रेक्षक शाळेशी संबंधित म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक असतील, तर ही सवलत निर्विवाद लागू होते. हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेले सादरीकरणही चालते.

याच कलमातील पोटकलम २ नुसार या सवलती रूपांतरित कृतीलाही लागू होतात. म्हणजे स्नेहसंमेलनात शाळेच्या बँडने आपल्या पद्धतीने बसवलेले गाणे वाजवले तर अडचण नाही. पण सवलत त्या सादरीकरणापुरती आहे. तेच नोटेशन छापून दुसऱ्या शाळांना विकणे किंवा शुल्क घेऊन क्लासमध्ये वाटणे हे त्यात येत नाही.

तिकीट किंवा सुपारी असेल तर?

समजा, मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात तिकीट लावून पथकाचा कार्यक्रम आहे, किंवा एखाद्या मॉलच्या उद्‌घाटनाची सुपारी मिळाली आहे. इथे हौशीपणाची किंवा धार्मिक विधीची सवलत नाही. सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना घ्यावा लागतो. गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशक यांच्या वतीने तो ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ म्हणजे आयपीआरएस देते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय मुंबईतच आहे. साधारणपणे परवाना आयोजक घेतो. पण तो घेतला आहे का, हे पथकाने सुपारी स्वीकारतानाच विचारावे आणि करारात लिहून घ्यावे. नफ्यासाठी जागा वापरू देणाऱ्यावरही कायद्याने जबाबदारी येऊ शकते. त्यामुळे सभागृह चालवणारेही परवान्याची विचारणा करतात.

इथेच अनेकांची गफलत होते. सादरीकरणाचा परवाना म्हणजे गाणे बदलून लिहिण्याची परवानगी नव्हे. ती हक्काच्या मालकाकडून वेगळी घ्यावी लागते.

मग व्हिडिओला वेगळी परवानगी का?

चालीवरून ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट तयार करण्याचा हक्क कलम १४ मध्ये स्वतंत्रपणे दिला आहे. कायद्याच्या व्याख्येत आवाजासह केलेले कोणतेही दृश्यमुद्रण ‘चित्रपट’ ठरते. त्यामुळे ३० सेकंदांचे रीलही त्यात येते. मिरवणुकीत वाजवण्याची सवलत मिरवणुकीपुरती असते. तिचा व्हिडिओ करून जगभर दाखवण्याची नसते. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ध्वनिमुद्रणाबरोबर चालही ओळखू शकते. म्हणून मूळ गाणे न लावताही क्लेम येतो. क्लेम म्हणजे लगेच खटला नव्हे. अनेकदा हक्कधारक व्हिडिओ राहू देतो आणि जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवतो. काही वेळा आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ हटवला जातो. निवड त्याची असते, पथकाची नाही.

‘कव्हर’साठी कलम ३१-सी मध्ये वैधानिक परवाना आहे, पण तो फक्त ध्वनिमुद्रणासाठी. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर ५ वर्षे उलटलेली असावी लागतात, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे चालीत बदल करता येत नाही. गल्लीतल्या पथकाच्या आवाक्यातली ही वाट नाही.

परवानगी मागायची कोणाकडे?

संगीतकाराला ओळखतो, त्यांनी फोनवर ‘वाजवा’ म्हटले, एवढे पुरत नाही. मानधन देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये आयपीआरएसच्याच खटल्यात म्हटले होते. निर्माते हे हक्क बहुधा संगीत कंपनीला देतात. त्यामुळे सुरुवात कंपनीपासून करावी. गाण्याच्या अधिकृत व्हिडिओखाली तिचे नाव असते. जुन्या एचएमव्हीच्या गाण्यांसाठी आजची सारेगामा.

अर्जात पुढील गोष्टी असाव्यात :

- गाणे, चित्रपट, वर्ष, संगीतकार
- गाण्याचा किती मिनिटांचा भाग घेणार
- वाद्ये कोणती, वादक किती, नोटेशनच्या प्रती किती
- किती कार्यक्रम, कुठे, तिकीट किंवा मानधन आहे का
- व्हिडिओ करणार का आणि कुठे टाकणार
- परवानगी किती काळासाठी हवी

परवानगी लेखीच घ्यावी. उत्तर न येणे म्हणजे होकार नाही. सराव सुरू होण्याआधी अर्ज गेला, तर नकार आल्यावर गाणे बदलायला वेळ राहतो.

परदेशात काय पद्धत आहे?

अमेरिकेत ब्रास आणि ढोलवादकांची ‘ड्रम कोअर’ पथके फुटबॉलच्या मैदानावर कार्यक्रम करतात. त्यांची शिखर संस्था ड्रम कोअर इंटरनॅशनलची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये झाली. तिथे चित्रपटसंगीत घ्यायचे तर प्रकाशकाकडून संयोजनाची परवानगी आधी मिळवावी लागते आणि व्हिडिओचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. तो न मिळाल्याने काही कार्यक्रमांच्या चित्रफितींत मधला आवाज गाळावा लागला आहे. दुसरीकडे, कॅलिफोर्नियातील बर्बँक हायस्कूलच्या गायनपथकावर परवाना कंपनीने दावा केला, तेव्हा २०२० मध्ये अपील न्यायालयाने शैक्षणिक वापर मान्य करून शाळेच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही.

जुनी गाणी तरी मोकळी आहेत का?

काही आहेत. चालीचा कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो आणि ही वर्षे पुढच्या जानेवारीपासून मोजली जातात. ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले. त्यांच्या चाली २०१६ पासून मोकळ्या आहेत. ‘महल’चे खेमचंद प्रकाश १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चाली २०११ पासून. आर. डी. बर्मन १९९४ मध्ये गेले. त्यांच्या चालींना २०५४ अखेरपर्यंत संरक्षण आहे. शंकर-जयकिशनसारख्या जोडीत शेवटी गेलेल्याचे वर्ष धरतात. शंकर १९८७ मध्ये गेले, म्हणून जोडीच्या चालींसाठी २०४७ अखेर. चित्रपट जुना आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

‘काही सेकंद चालतात’ हे खरे का?

नाही. १० किंवा ३० सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही. ‘श्रेय मूळ संगीतकाराला’ असे लिहिणे चांगले, पण ती परवानगी नव्हे. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ नुसार ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. व्यावसायिक फायदा नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

या सगळ्याचा फायदा कोणाला?

२०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या मानधनात समान वाटा मिळतो आणि तो वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कोणाच्या नावे करून देता येत नाही. मात्र सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या ज्या संयोजकांनी शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यवृंद दिला, त्यांना या तरतुदीत जागा नाही. पथकासाठी गाणे बसवणारा वादकही त्याच संयोजकांचे काम करतो. चालीच्या मालकाची परवानगी लेखी असेल, तर निदान स्वतः लिहिलेल्या संयोजनावर आपले नाव टाकण्याची अट त्याच कागदात मांडता येते. ती अर्जातच घालावी.