नाळ वेळेवर पडली नाही तर?

बाळाची नाळ साधारणपणे एक ते दोन आठवड्यांत सुकून पडते. महिना उलटूनही ती पडली नाही, बेंबी वारंवार चिघळू लागली, जखमा भरेनात आणि त्यांत पूही धरेना, तर ‘होईल बरे’ म्हणून स्वस्थ बसू नये. क्वचित का होईना, यामागे पांढऱ्या पेशींचा जन्मजात दोष असू शकतो.

जंतूंशी लढायला या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडावे लागते. त्यासाठी त्यांच्यावर ‘सीडी १८’ हे प्रथिन असते. तेच नसेल, तर रक्तात पेशी भरपूर असूनही जखमेपाशी पोचत नाहीत.

साध्या रक्ततपासणीत हे प्रथिन दिसत नाही. ‘फ्लो सायटोमेट्री’त नेमकी त्यालाच चिकटणारी, चमकता रंग जोडलेली प्रतिपिंडे रक्तात मिसळतात. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचमधून उतारू एकामागून एक उतरावेत, तशा पेशी लेसर किरणासमोरून जातात. प्रथिन असलेली पेशी चमकते, नसलेली अंधारीच राहते. काही मिनिटांत हजारो पेशी तपासून होतात.

मुंबईत परळला, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत अशा दोषांचे निदान होते. रक्त ताजे लागते. म्हणून अलिबाग-मुरुडकडच्या पालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी व जुने रिपोर्ट घेऊन बाळासह जाणे श्रेयस्कर. दोष तीव्र असल्यास अस्थिमज्जारोपण हाच खरा इलाज, आणि तो लवकर झालेला बरा. घरात पूर्वी एखादे मूल जंतुसंसर्गाने तान्हेपणीच दगावले असेल, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.